जुन्या पिकअपची अडवाटेची गाडी

आमच्या वाचकांपैकीं ज्यांचीं शेतें डांबरी सडकेपासून कोस-अर्धा कोस आंत आहेत, त्यांस पावसाळ्यांतील शेवटच्या टप्प्याची अडचण नव्यानें सांगावयास नको. दूध, भाजीपाला, टोमॅटो यांस तास मोजून बाजार गांठावा लागतो. आणि नेमक्या त्याच दिवसांत पाणंद चिखलानें भरते, ओढ्यास पाणी येतें, व एरवीं बिनतक्रार येणारी गाडी बांधावरच उभी राहते. घरांत कोणी आजारी पडल्यास हीच अडचण जिवावरची होते.

अशा वेळीं गांवांतील तरुण मंडळी एक चित्र पुढें करते. त्यांत छातीइतक्या उंच चाकांची एक जुनी पिकअप खडकांवरून व चिखलांतून सरसर चढत असते. जुनी गाडी भंगाराच्या भावांत मिळते, मिस्त्री ओळखीचा आहे, मग अशी गाडी आपण कां करूं नये, असा त्यांचा सवाल असतो. सवाल रास्त आहे व त्याचें उत्तर केवळ हो किंवा नाहीं असें देतां येत नाहीं. अशी गाडी कशी होते, तिचा कोणता भाग कोणतें काम करतो, खर्च कोणत्या क्रमानें करावा आणि कोठें थांबावें, हें नीट समजल्यावांचून हात घालणारा मनुष्य पैसा गमावतो व कधीं कधीं प्राणहि गमावतो. म्हणून या विषयाची सांगोपांग माहिती येथें देण्याचें आम्हीं योजिलें आहे.

ही कल्पना शेताला परकी नाहीं

चारहि चाकांस इंजिनाचा जोर देण्याची युक्ति लष्करानें नांवारूपास आणली हें खरें. परंतु तिचा संसार शेतानेंच थाटला. दुसरें महायुद्ध संपलें त्या १९४५ सालीं अमेरिकेंतील विलिस कंपनीनें आपली जीप शेतकऱ्यांपुढें शेतीचें यंत्र म्हणून मांडली. औत ओढणें, इंजिनाच्या जोरावर दुसरीं यंत्रें फिरविणें आणि माल बाजारीं नेणें, अशीं तिहेरी कामें तिच्याकडून अपेक्षिलेलीं होतीं. १९४६ सालीं डॉज कंपनीनें आपली लष्करी मालमोटार पॉवर वॅगन या नांवानें नागरी बाजारांत आणली, आणि १९४७ सालीं विलिसची चारहि चाकें ओढणारी पिकअप निघाली. मिनीॲपोलिस येथील नॅपको ही कंपनी तर साध्या पिकअपला पुढचा ओढता आंस व दुय्यम गिअरपेटी बसविण्याचा तयार संच विकीत असे; १९५७ सालापासून शेव्हर्ले गाडीवर तो संच कारखान्यांतूनच बसवून मिळूं लागला. तेव्हां जुन्या मालगाडीची अडवाटेची गाडी करण्याचा धंदा आजकालचा नव्हे.

जर्मनींतील उनिमोग या गाडीचा इतिहास याहूनहि बोधप्रद आहे. १९४८ सालीं ती प्रथम विक्रीस आली तेव्हां तिच्यांत अवघें २५ अश्वशक्तीचें डिझेल इंजिन होतें, आणि तिच्या दोन चाकांमधील अंतर १२७० मिलिमीटर ठेविलें होतें. कारण बटाट्याच्या दोन ओळींचें अंतर तेवढें असे. इतक्या लहान इंजिनाची ही गाडी मोठमोठ्या गाड्या अडत तेथून निघून जाई. तिचें बळ इंजिनांत नव्हतें. तें मंद गिअरांत, जमिनीपासून उंच उचललेल्या आंसांत व दोनहि चाकें एकदम फिरविणाऱ्या कुलुपांत होतें. या लेखाचें सारहि हेंच आहे.

आपल्याकडे विलिसच्या जीपची जोडणी महिंद्र कंपनीनें मुंबईंत सुरू केली, आणि तिच्याच वंशांतील गाड्या पुढें कित्येक दशकें डोंगरी खेड्यांतून धांवल्या. आज भंगारांत उभ्या असलेल्या ज्या जुन्या गाड्या अशा कामास उपयोगी पडण्याजोग्या आहेत, त्यांत या वंशाच्या बऱ्याच आहेत.

गाडी अडते कां

जोर कमी पडल्यामुळें फारच थोड्या गाड्या अडतात. रुतलेल्या गाडीचें चाक गरगर फिरत असतें, यावरूनच इंजिनांत जोर शिल्लक आहे हें उघड होतें. कमी पडते ती पकड; आणि असलेली पकडहि वांयां जाते ती डिफरन्शियलच्या रचनेमुळें.

वळणावर बाहेरच्या चाकास आंतील चाकापेक्षां अधिक वाट चालावी लागते. दोनहि चाकें एकाच अखंड दांड्यावर जखडलीं तर एक घासत जाईल; म्हणून आंसाच्या मध्यभागीं डिफरन्शियल बसवितात व त्यामुळें दोन चाकांस निरनिराळ्या वेगानें फिरतां येतें. परंतु तें दोनहि चाकांस सारखाच जोर पोंचवितें, आणि त्यांतील दुबळ्या चाकास जेवढा पेलेल तेवढाच. ज्यांनीं बैलजोडी हांकली आहे त्यांस हें लगेच उमजेल. जूं मध्यावर सैल बांधलें असेल आणि एका बैलानें ओढणें सोडलें, तर दुसऱ्यानें कितीहि नेट लाविला तरी जूं तिरपें होतें, गाडी हलत नाहीं. तद्वत् एक चाक चिखलांत किंवा हवेंत फिरूं लागलें कीं कोरड्या जमिनीवरील त्याचें जोडीदार चाक निकामी होतें. चारहि चाकें ओढणारी गाडी या दोषांतून मुक्त नाहीं. पुढचें एक व मागचें एक चाक सुटलें कीं तीहि जागच्या जागीं उभी राहते.

यावरून अडवाटेची गाडी करणें म्हणजे काय हें ठरतें. चाकाखालीं पकड वाढवावयाची, चारहि चाकें होतां होईतों जमिनीला धरून ठेवावयाचीं, जोर मंद गतीनें द्यावयाचा, आणि एक चाक सुटल्यास दुसऱ्याचें काम चालू ठेवावयाचें. यांखेरीज जें केलें जातें तें एकतर मोडतोड टाळण्यासाठीं किंवा शोभेसाठीं.

गाडीची निवड

पहिली परीक्षा चासीची. इंजिन बदलतां येतें, गिअरपेटी बदलतां येते. पण चासी कुजली असेल तर सर्व खर्च वाळूवरील भिंत होय. गाडी उचलून ठेवावी, खालचा चिखल व तेलाचा थर खरवडून काढावा, आणि हातोडीनें चासी ठिकठिकाणीं ठोकून पाहावी. निकोप पोलाद खणखणतें. गंजानें खाल्लेलें बद्द वाजतें. कमानींचे पाटे जेथें टांगलेले असतात, स्टिअरिंगची पेटी जेथें बोल्टांनीं धरलेली असते, आणि हौद्याच्या आडव्या पट्ट्या जेथें जोडलेल्या असतात, तेथें तडे जातात. बारीक तडा गेला असल्यास त्याच्या टोंकाशीं लहानसें भोंक पाडावें, म्हणजे तो पुढें सरकत नाहीं. मग तडा वेल्डिंगनें भरून वरून पत्र्याचा जाड तुकडा जोडावा. हा तुकडा चौकोनी न घेतां दोन्ही टोंकांस निमुळता घ्यावा. कारण चासीवर सरळ आडवी वेल्डिंगची रेघ ओढली म्हणजे पुढील तडा तेथूनच जातो. समुद्रकांठच्या गाड्या खाऱ्या हवेनें आंतून कुजतात. त्या घेतांना दुप्पट खबरदारी घ्यावी.

दुसरी परीक्षा आंसांची. पुढें व मागें अखंड आंस आणि पोलादी पाट्यांच्या कमानी ज्या गाडीस आहेत ती या कामास उत्तम. तिची रचना साधी असते; एक चाक वर गेलें कीं दुसरें खालीं दाबलें जातें, आणि मोडलें तर खेड्यांतील मिस्त्रीहि दुरुस्त करूं शकतो. नव्या पद्धतीच्या गाड्यांत पुढचीं चाकें स्वतंत्र टांगलेलीं असतात. सडकेवर त्यांचा प्रवास सुखाचा होतो, परंतु खडकाळ वाटेवर त्यांची हालचाल थोडी पडते. म्हणून परदेशांतील हौशी लोक पुष्कळदा तीं काढून त्यांच्या जागीं जुना अखंड आंस बसवितात.

तिसरी गोष्ट, डिझेल इंजिन पसंत करावें. मंद गतीवर तें चांगला नेट धरतें, आणि ठिणगीची व्यवस्था नसल्यामुळें पाण्याच्या शिंतोड्यानें पेट्रोल-इंजिनासारखें पटकन बंद पडत नाहीं.

कामांचा क्रम

पहिलें काम ब्रेकचें. जी गाडी थांबत नाहीं ती चालविण्याचा विचारच करूं नये. ब्रेकच्या नळ्या, रबर, ड्रम, स्टिअरिंगचे सांधे व चाकांचीं बेअरिंगें हीं सर्व नवीं करून मगच पुढें जावें. यांत दिसण्यासारखें कांहीं नसल्यामुळें हौशी मंडळी हें काम शेवटीं ठेवते. तें पहिलें असावें.

दुसरें काम टायरांचें. सबंध गाडींतील जमिनीला शिवणारी वस्तु हीच. खोल नक्षीचा, खांद्यापर्यंत दांते असलेला टायर चिखल फेंकून देत पुढें सरकतो; सडकेचा गुळगुळीत टायर त्याच चिखलानें भरून तेलकट होतो. यापुढील युक्ति मात्र फुकट आहे, ती म्हणजे हवा कमी करणें. एका चाकावर ९०० पौंड भार आहे असें धरा. टायरांत दर चौरस इंचास ३० पौंड हवा असेल तर तो भार साधारण ३० चौरस इंच जागेवर टेंकतो. हवा १५ पौंड केली कीं जागा सुमारें ६० चौरस इंच होते. टायराच्या भिंतीचा ताठपणा धरतां हा हिशोब तंतोतंत येत नाहीं, पण दिशा हीच. भार पसरला कीं चाक रुतत नाहीं आणि दगडावर टायर मुठीप्रमाणें वळून धरतो. आइसलंड देशांत बचावपथकांच्या व प्रवासाच्या गाड्यांना ३८ ते ४४ इंच उंचीचे टायर लावून हिमनद्यांवर हवा दोन-तीन पौंडांपर्यंत उतरवितात, व टनावारी वजनाची गाडी मऊ बर्फावरून तरंगल्यासारखी जाते. आपल्याकडील शेतकऱ्यानें सध्यांच्या टायरांत पंधरा-अठरा पौंडांखालीं जाऊं नये. त्याहून कमी हवेंत वळतांना टायर रिमवरून निसटण्याची भीति असते. आणि सडकेवर येण्यापूर्वीं हवा पुन्हां भरलीच पाहिजे. कमी हवेचा टायर वेगांत तापतो व फुटतो. म्हणून हवा भरण्याचा लहान पंप गाडींत नसेल तर हवा सोडूं नये.

तिसरें काम गिअरांचें. जुन्या लष्करी विलिस जीपचा सर्वांत मंद गिअर घेतला तर इंजिनाच्या सुमारें साडेपंचवीस फेऱ्यांस चाकाची एक फेरी होते. मिनिटास हजार फेऱ्या करणारें इंजिन त्या गिअरांत गाडीस तासास सुमारें पांच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालीनें, नेतें. अडवाटेस हीच चाल हवी. मंद गिअरांत चढतांना क्लच घासावा लागत नाहीं, आणि उतरतांना ब्रेक न दाबतां इंजिनच गाडी धरून ठेवतें. पराकाष्ठेच्या गाड्या करणारे लोक एकापुढें एक अशा दोन दुय्यम गिअरपेट्या बसवितात, व इंजिनाच्या शंभराहून अधिक फेऱ्यांस चाकाची एक फेरी होईल इतकी गति उतरवितात. त्या चालीस बैल सुद्धां पुढें निघून जाईल. पण उभ्या खडकावर तीच उपयोगी पडते.

मोठें चाक बसविणारा येथेंच फसतो. २८ इंची टायराच्या जागीं ३५ इंची टायर लाविला कीं एका फेरींत गाडी सव्वापट वाट चालते आणि चाकाचा ओढण्याचा नेट एक-पंचमांशानें घटतो. मूळ आंसांतील गिअर ४.८८ असेल, तर पूर्वीचा नेट परत आणण्यास ६.१० चा गिअर घालावा लागतो. तो न घालतां मोठें चाक लावणें म्हणजे बैल तोच ठेवून गाडी जड करणें होय. ब्रेकवरहि तितकाच ताण वाढतो.

चौथें काम डिफरन्शियलच्या कुलपाचें. चालकानें कळ दाबतांच दोनहि चाकें एकत्र जखडणारीं व नको तेव्हां सोडणारीं कुलुपें मिळतात. तीं सर्वांत चांगलीं, पण महाग. कांहीं मिस्त्री स्वस्तांत डिफरन्शियलचे गिअर वेल्डिंगनें चिकटवून देतात. चिखलांत ती युक्ति चालते खरी. परंतु सडकेच्या वळणावर टायर घासतात, स्टिअरिंग अडून बसतें, आणि दोन चाकांमधील ओढाताणींत आंसांतील दांडा पिळून तुटतो. जी गाडी सडकेवर जावयाची तिला ही युक्ति करूं नये.

उंचीचा मोह

आतां सर्वांत नाजूक भाग. गाडी उंच करण्याचे तीन मार्ग आहेत, आणि तिन्हींचें फळ निराळें आहे. चासी व टप यांच्यामध्यें ठोकळे घालून टप उचलला, तर मोठ्या चाकास जागा होते. पण आंस, इंजिन व चासी पूर्वीच्याच उंचीवर राहतात. कमानी वाढविल्या, तर चासी उंच होते. पण डिफरन्शियलचा गोळा, जो वाटेंतील दगडास प्रथम अडतो, तो तेथेंच राहतो. केवळ मोठ्या चाकानेंच आंस वर येतो, आणि तोहि वाढलेल्या उंचीच्या निम्मा; ३५ इंची टायर २८ इंचीपेक्षां आंस साडेतीन इंच वर नेतो. उनिमोगमध्यें चाकाजवळ गिअरांची जोडी घालून आंसच चाकाच्या मध्यापेक्षां वर नेला आहे. पराकाष्ठेच्या गाड्यांत आज तीच रचना वापरतात, परंतु तिचा खर्च सामान्य माणसाच्या आटोक्याबाहेरचा असतो.

उंची वाढली कीं इतर भाग मागें राहतात. शाफ्टचे सांधे तिरपे होऊन झिजतात. ब्रेकची नळी ताणली जाऊन आंस खालीं लोंबतांच तुटते. स्टिअरिंगचा दांडा तिरपा होऊन प्रत्येक खड्ड्यास गाडी आपोआप बाजूस ओढते. या तिन्ही गोष्टींची तोड केल्याखेरीज उंच केलेली गाडी रस्त्यावर आणणें हा गुन्हाच समजावा.

आणि तीं सर्व करूनहि एक गोष्ट उरते, ती उलटण्याची. डाव्या व उजव्या चाकांमधील अंतर ५४ इंच आहे आणि गाडीचा भारमध्य जमिनीपासून २७ इंचांवर आहे असें धरा. अशी गाडी आडव्या उतारावर ४५ अंशांपर्यंत कललेली हिशोबानें उभी राहील. भारमध्य सात इंच वर गेला कीं ती मर्यादा सुमारें ३८ अंशांवर येते. हौद्यांत क्रेट रचले व भारमध्य ४० इंचांवर गेला कीं मर्यादा ३४ अंशांची होते. हा हिशोब स्थिर उभ्या गाडीचा आहे. प्रत्यक्षांत खालच्या बाजूच्या कमानी दबतात, वरच्या बाजूचें चाक दगडावर चढतें, खालचें खड्ड्यांत जातें, आणि गाडी हालत असते. यामुळें खरी मर्यादा याच्या निम्म्यावरहि येऊं शकते. बांधाच्या कडेनें आडवें जाणारा मनुष्य कागदावरील अंश पाहात नाहीं. त्याला पूर्वीच्या गाडीची संवय असते, आणि ती संवयच त्याचा घात करते. म्हणून जाणते लोक उंची वाढवितांना रुंदीहि वाढवितात. वरील उदाहरणांत चाकांमधील अंतर ६६ इंच केलें, तर ३४ इंच उंचीच्या भारमध्यासहि ४४ अंशांची मर्यादा परत मिळते. उंची जितकी कमी तितकी गाडी चांगली, असाच नियम धरावा.

उलटण्याची शक्यता जेथें आहे तेथें पोलादी नळ्यांचा पिंजरा अवश्य. तो टपाच्या पत्र्याला नव्हे, तर चासीशीं पक्का बांधलेला असावा. नळी बिनसांध्याची किंवा त्याच तोडीची मजबूत असावी. पाण्याच्या नळाची नळी वापरूं नये. आणि पट्टा बांधल्यावांचून पिंजऱ्याचा उपयोग नाहीं, कारण मोकळा मनुष्य त्याच पिंजऱ्यावर आपटतो. हौद्यांत माणसें बसवून अशी वाट चालणें सर्वस्वी वर्ज्य होय.

पाणी, दोर व पाल्हाळ न करतां आणखी दोन गोष्टी

ओढ्यांतून जातांना इंजिन पाण्यानें विझतें इतकेंच नव्हे, तर मोडतें. हवेच्या वाटेनें पाणी सिलिंडरांत शिरलें कीं तें हवेप्रमाणें दाबलें जात नाहीं, व वर येणाऱ्या दट्ट्याचा दांडा वांकतो. म्हणून हवा घेण्याची नळी टपाच्या उंचीपर्यंत नेतात. डिफरन्शियलच्या श्वासनळीसहि विसरूं नये. चालून तापलेला आंस थंड पाण्यांत बुडाला कीं आंतील हवा आकसते आणि सांध्यांतून पाणी आंत ओढलें जातें; तेल दुधाळ होऊन गिअर झिजतात. दोन हात रबरी नळीनें ती श्वासनळी वर नेतां येते, व खर्च नगण्य आहे. मात्र वाहतें पाणी गुडघ्यावर असेल तर कोणतीहि गाडी घालूं नये. गाडी जितकी उंच व चाक जितकें फुगीर, तितका तिला प्रवाहांत तरंगण्याचा व वाहून जाण्याचा धोका असतोच.

विंच घ्यावयाचा असल्यास त्याची ओढण्याची ताकद भरल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट तरी असावी. ती ताकद पिंपावरील दोराच्या पहिल्या थरापुरतीच खरी असते. दोर जितका गुंडाळलेला तितकी ती कमी. दोर कप्पीतून वळवून परत गाडीस बांधला तर ओढ जवळजवळ दुप्पट होते. ताणलेला पोलादी दोर तुटल्यास तलवारीसारखा फिरतो. म्हणून त्यावर जाड घोंगडी टाकावी आणि माणसांनीं दोराच्या लांबीहून दूर उभें राहावें. झाडास दोर बांधतांना मध्यें रुंद पट्टा घ्यावा, नाहींतर झाडाची साल कापली जाऊन झाड मरतें.

डिझेलची टाकी मागील आंसाच्या पाठीमागें लोंबत असेल तर ती दगडावर फुटण्याच्या जागेवरून काढून चासीच्या आंत घ्यावी. आणि चिखलाचें काम झाल्यावर त्याच दिवशीं गाडी धुवावी, सांध्यांस ग्रीस द्यावें, ड्रममधील चिखल काढावा. बैलास खरारा न करणारा जसा बैल गमावतो, तसा हा मनुष्य गाडी गमावतो.

कायदा काय म्हणतो

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाप्रमाणें, कारखानदारानें ठरविलेला व नोंदणींत लिहिलेला गाडीचा तपशील बदलेल असा फेरफार मालकास करतां येत नाहीं. इंजिन बदलण्यासारख्या कांहीं गोष्टी नोंदणी अधिकाऱ्याच्या परवानगीनेंच करावयाच्या असतात. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि हाच अर्थ स्पष्ट केला, आणि त्याच वर्षींच्या कायदेदुरुस्तीनें बेकायदा फेरफारास शिक्षेची तरतूद झाली. फेरफार लपविलेल्या गाडीस अपघात झाला तर विम्याची भरपाईहि वादांत सांपडते. तेव्हां ब्रेक, टायराची जात, हवेचा दाब, श्वासनळी, चासीची दुरुस्ती यांपर्यंतचें काम गाडी सडकेवर ठेवून करतां येतें. परंतु रुंद आंस, मोठीं चाकें, कापलेला टप व पिंजरा असलेली पराकाष्ठेची गाडी ही खासगी जमिनीवरील किंवा शर्यतीची वस्तु होय. गोव्यांत २०१४ सालापासून भर पावसाळ्यांत रेनफॉरेस्ट चॅलेंज नांवाची अशा गाड्यांची स्पर्धा भरूं लागली. तेथें लाल चिखलांत गाड्यांचे विंच, आंस व चालक यांची कसोटी लागते. ज्यांस हौस आहे त्यांनीं ती तेथें भागवावी, आणि गाडी तेथवर दुसऱ्या वाहनावर लादून न्यावी.

आमचा निष्कर्ष

शेतकऱ्यास या सगळ्यांतून काय घ्यावयाचें? आमचें मत असें कीं, मूळचीच चारहि चाकें ओढणारी, निकोप चासीची जुनी गाडी मिळाली तर ती नीट दुरुस्त करून, चांगले टायर, हवेचा पंप, मागील आंसास कुलूप व एक दोर-कप्पी एवढ्यावर थांबावें. कुलूप बसविण्यापूर्वीं तेवढें नोंदणी कार्यालयांत विचारून घ्यावें. पाणंदीवरील बहुतेक अडचणी एवढ्यानें सरतात. यापुढील प्रत्येक रुपया वाट सोपी करण्यापेक्षां गाडी नाजूक करण्यांत जातो. कारण एक भाग बळकट केला कीं तुटण्याची पाळी त्याच्या शेजाऱ्यावर येते, आणि हा पाठलाग संपत नाहीं. दोन चाकें ओढणाऱ्या पिकअपला चारचाकी करण्याच्या भानगडींत तर पडूंच नये; तेवढ्या पैशांत दुसरी गाडी येते.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. ओल्या काळ्या जमिनींतून जड गाडी गेली कीं चाकोरींत माती दडपते, पाणी साचतें, आणि दुसऱ्या दिवशीं शेजाऱ्याची बैलगाडीहि तेथें अडते. पराकाष्ठेची गाडी आपली वाट काढते, पण मागें वाट ठेवीत नाहीं. ज्या गांवांत पन्नास शेतकरी एकाच पाणंदीनें जातात, तेथें एकाच्या गाडींत घातलेला पैसा एकासच पार करतो. तोच पैसा मोरी, दोन बाजूंचे चर आणि मुरमाचा थर यांत घातला तर पन्नास जणांच्या साध्या गाड्या पार होतात. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें मातोश्री ग्रामसमृद्धि शेत-पाणंद रस्ते योजना जाहीर केली ती याच गरजेपोटीं. गांवकऱ्यांनीं वाट आधीं मोकळी करून द्यावी, बांधाचे वाद आपसांत मिटवावे व ग्रामपंचायतीकडे पाठपुरावा करावा. त्या उपरहि आजारी माणसास बाहेर काढण्यासाठीं व पुराच्या दिवसांत दूध पोंचविण्यासाठीं एखादी खंबीर गाडी गांवांत असावी हें आम्हांस मान्य आहे. ती सहकारानें एक ठेवावी, तिचा चालक एक नेमावा, आणि तिची किल्ली हौशीच्या हातीं देऊं नये.

ज्या तरुणांच्या हातांस यंत्राची आवड आहे त्यांस आम्ही नाउमेद करूं इच्छित नाहीं. त्यांनीं ब्रेकपासून आरंभ करावा, टायरापाशीं विचार करावा, आणि उंचीपाशीं थांबावें. इतकें पथ्य पाळलें तर जुनी गाडीहि पावसाळ्यांत घरीं परत येते, व तिच्यांत बसलेला मनुष्यहि.